घड्याळाच्या काट्यावरून ट्रॉलीच्या पाठीवर

दिवाळी सरली की वसमत तालुक्यातल्या रस्त्यांवर उसाच्या रात्री सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे बैलांच्या टायरगाड्यांची रांग, आणि सगळ्यांचं तोंड कारखान्याकडे. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला अंधारात आधी ऊस दिसत नाही, ट्रॉलीही दिसत नाही. हेडलाइट पडला की अचानक एक लाल पट्टी पेटते. तिच्यामुळे त्याचा हात ब्रेककडे जातो. हिंगोली जिल्ह्यात, आणि खरं तर सगळ्या महाराष्ट्रात, त्या पट्टीला म्हणतात रेडियम. "ट्रॉलीला रेडियम मारलंय का?" हा हंगामाच्या तोंडावरचा रोजचा प्रश्न.

त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. ती स्वतःहून उजळतही नाही. तरीही हे नाव तिला चिकटलं आणि तालुक्याच्या गावागावांत 'रेडियम आर्ट' नावाची दुकानं उभी राहिली. शाळेतले विज्ञानाचे शिक्षक हा शब्द चुकीचा आहे असं सांगतील आणि त्यांचं म्हणणं बरोबरच असेल. पण या नावामागे शंभर वर्षांहून मोठा प्रवास आहे. तो मनगटावरच्या घड्याळातून निघतो, वाटेत एका चिपच्या कारखान्याला वळसा घालतो आणि टायरगाडीच्या मागच्या फळीवर येऊन थांबतो.

मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये रेडियमचा शोध जाहीर केला. लॅटिनमध्ये 'रेडियस' म्हणजे किरण, त्यावरून हे नाव. रेडियममधून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळले की प्रत्येक आघाताला एक सूक्ष्म ठिणगी उठते. विल्यम क्रुक्स यांनी १९०३ मध्ये छोट्या भिंगाच्या नळीतून त्या ठिणग्या वेगवेगळ्या पाहता येतील असं उपकरण केलं. अशा ठिणग्यांची गर्दी झाली की डोळ्याला सलग हिरवट उजेड दिसतो. त्याला दिवा लागत नाही, वीज लागत नाही, आधी उन्हात ठेवायचीही गरज नाही. रेडियम आणि झिंक सल्फाइड मिसळून केलेला रंग घड्याळाच्या काट्यांवर आणि आकड्यांवर चढला, आणि पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्या सैनिकांना काडी न ओढता वेळ कळू लागली. काडीच्या उजेडावर शत्रूची गोळी येत असे, म्हणून हे घड्याळ त्यांना जिवाइतकं मोलाचं वाटलं.

त्या काट्यांची किंमत दुसऱ्यांनी मोजली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी यूएस रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात तरुण मुली तबकड्या रंगवत. बारीक आकडे रंगवायला ब्रशचं टोक अणकुचीदार हवं, म्हणून ते ओठांत धरून टोकदार करायला त्यांना शिकवलं जाई. दर वेळी थोडा रंग पोटात जाई. शरीर रेडियमला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत साठवतं. काही वर्षांत त्यांचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींनी कंपनीला कोर्टात खेचलं. १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला दहा हजार डॉलर रोख आणि वर्षाला सहाशे डॉलर. त्याच वर्षी तो रंग बनवणारा साबिन फॉन सोचोकीही किरणोत्सर्गाने झालेल्या रक्ताच्या आजाराने गेला. इलिनॉयमधल्या ओटावा गावी अशाच तबकड्या रंगवणारी कॅथरीन वुल्फ डोनोह्यू १९३८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत आपली बाजू मांडून जिंकली आणि काही महिन्यांतच वारली. कामगाराच्या आजाराला मालक जबाबदार असतो, हे अमेरिकेत रुजवणाऱ्या लढ्यांत या मुलींचं नाव फार वरचं आहे. रेडियम हा शब्द उच्चारताना त्या आठवायला हव्यात.

रेडियमचं अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षांचं. झिंक सल्फाइड मात्र अल्फा कणांचा मारा सोसून काही दशकांत थकतं. म्हणून आज एखाद्या पेटीत आजोबांचं खरं रेडियमचं घड्याळ निघालं तर ते अंधारात मिट्ट काळं असतं, आणि तरीही किरणोत्सर्गी असतं. ते उघडून आतला रंग खरवडायचा नाही, एवढं घरातल्यांनी ध्यानात ठेवावं.

'रेडियमचं घड्याळ' हा शब्दप्रयोग मराठवाड्यात रुजला त्याला शेतीचं कारण आहे. हिंगोली १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होती. पुढे पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालवे आले, आणि पाणी पाळीने मिळू लागलं. पाळीला रात्र-दिवस नसतो. अमुक वाजता पाणी आपल्या शेतात, अमुक वाजता पुढच्याच्या. मध्यरात्री दारं धरायला गेलेल्या माणसाच्या एका हातात कंदील किंवा बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं. चिखलात उभं राहून वेळ बघायची, तर काटे आपोआप दिसणारं घड्याळ ही चैन नव्हती. विजेचे पंप आल्यावर पाण्याऐवजी 'रात्रीची लाईट' आली आणि तेच जागरण वेगळ्या नावाने चालू राहिलं.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरात घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, कांचन ही नावं पुढे गावोगाव पोहोचली. लग्नात जावयाला एचएमटी देणं हा मानाचा भाग झाला, आणि त्यातही काटे चमकणारं असेल तर पाहुणे दिवा विझवून ते बघत. तोवर जगभरात घड्याळांतून खरं रेडियम हटत चाललं होतं. प्रोमेथियम, ट्रिटियम असे कमी धोक्याचे पदार्थ आले, साध्या घड्याळांवर तर केवळ उजेड पिऊन थोडा वेळ चमकणारा रंग असे. वस्तू बदलली तरी नाव तेच राहिलं. औंढा नागनाथच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत पांढुरक्या प्लास्टिकच्या मूर्ती विकायला येत, त्याही 'रेडियमच्या'. दिव्याखाली धरून गोधडीत नेल्या की त्या हिरव्या दिसत. झोपेआधी तो उजेड मावळत जाताना बघत पडलेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत.

त्या मावळण्यावर उपाय जपानमध्ये निघाला. घड्याळांना चमकता रंग पुरवणाऱ्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारलेला नवा रंग आणला. त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम या दुर्मिळ मूलद्रव्यांचा अंश घातलेला असतो. युरोपियम उजेड देतं, आणि डिस्प्रोशियममुळे साठवलेली ऊर्जा अडकून राहते व सावकाश सुटते. जुन्या झिंक सल्फाइडच्या मानाने हा रंग कितीतरी तेजस्वी आणि रात्रभर टिकणारा, शिवाय किरणोत्सर्गाचं नाव नाही. आज हातघड्याळाचा काटा चमकताना दिसला तर तो बहुधा याच रंगाच्या घराण्यातला असतो.

दरम्यान घड्याळाच्या उजेडाला दुसरी वाट फुटली होती, अर्धवाहकांची. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांनी लाल उजेड देणारा डायोड करून दाखवला. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, हॅमिल्टन कंपनीचं 'पल्सर' हे घड्याळ बाजारात आलं. त्याला काटेच नव्हते. बटण दाबलं की लाल आकडे उजळत. किंमत २१०० डॉलर. तो लाल उजेड बॅटरी इतकी खाई की आकडे सतत चालू ठेवणं परवडत नसे. त्यानंतर द्रवस्फटिकांची राखाडी पट्टी आली, कॅसिओची स्वस्त घड्याळं आली, आणि बटण दाबून हिरवा उजेड पाडणारं घड्याळ दहावी पास झाल्याचं बक्षीस झालं. पुढे मोबाइलने सगळ्यांनाच मागे सारलं. एचएमटीची घड्याळं २०१६ मध्ये थांबली.

'रेडियम' हा शब्द मात्र तोवर घड्याळातून उतरून गाडीवर चढला होता.

गाडीवरच्या पट्टीचं विज्ञान घड्याळापेक्षा अगदी वेगळं आहे, आणि ते फार सुंदर आहे. आरशावर तिरका प्रकाश टाकला तर तो दुसरीकडे निघून जातो. पण काचेचा बारीक गोल मणी प्रकाशाला आत वाकवतो, मागच्या बाजूने उलटवतो आणि जिथून आला त्याच दिशेने परत पाठवतो. असे हजारो मणी, किंवा हल्ली सूक्ष्म प्लास्टिकचे कोपरे, पट्टीत बसवलेले असतात. म्हणून ज्याच्या गाडीचा हेडलाइट, त्यालाच ती पट्टी पेटलेली दिसते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला ती फिकीच वाटते. इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या अशा काचेच्या डोळ्यांचं पेटंट घेतलं, मांजराचे डोळे अंधारात चमकतात त्यावरून त्यांना नाव पडलं. अमेरिकेत थ्रीएम कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या मण्यांचा चिकटवता येणारा कागद रस्त्यांच्या पाट्यांसाठी आणला. आपल्याकडच्या 'रेडियम'चं खरं कूळ हे.

मग त्याला रेडियम का म्हटलं गेलं? कारण लोकांच्या भाषेत वस्तूचं नाव तिच्या रसायनावरून पडत नाही, ती काय काम करते यावरून पडतं. अंधारात बॅटरी-वायर न जोडता जे दिसतं, ते रेडियम. घड्याळाचा काटा तसाच, यात्रेतली मूर्ती तशीच, ट्रॉलीची पट्टीही तशीच. दुकानात तर साध्या न चमकणाऱ्या रंगीत विनाइललाही आता रेडियमच म्हणतात.

या धंद्याच्या आधी पेंटर होता. इनॅमलचा डबा, खारीच्या केसांचा ब्रश, आणि हात न कापता एका ओढीत काढलेला आकडा. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचं नाव. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली आणि जुन्या एमएच-२२ च्या जागी एमएच-३८ आलं. नव्या जिल्ह्याच्या नव्या पाट्या रंगवायला पेंटर होतेच, पण त्याच सुमाराला रेडियमचे ताव आणि कटर घेऊन नवी मुलं चौकात बसू लागली. तावावर पेन्सिलीने अक्षर काढायचं, धारदार पात्याने फक्त वरचा थर कापायचा, खालचा कागद कापला जाऊ द्यायचा नाही, मग नको तो भाग नखाने सोलून काढायचा. उरतं ते अक्षर. 'ळ'च्या दोन वाट्या आणि 'क्ष'चं पोट सोलताना हाताची परीक्षा होते.

हे वर्णन एखाद्या जुन्या चिप-अभियंत्याला ऐकवलं तर तो चमकून बघेल. कारण सिलिकॉनच्या पहिल्या चिप अगदी अशाच जन्मल्या. १९६० च्या दशकात चिपच्या एकेका थराचा आराखडा 'रुबिलिथ' नावाच्या तावावर कापत. पारदर्शक प्लास्टिक फिल्म, तिच्यावर लाल रंगाचा पातळ थर. पात्याने फक्त लाल थर कापायचा, नको तो चिमट्याने सोलायचा. हा आराखडा खऱ्या चिपच्या कित्येकशे पट मोठा, टेबलभर असे. कॅमेऱ्याने तो लहान करत करत काचेच्या मास्कवर उतरवला जाई आणि मास्कमधून प्रकाश टाकून सिलिकॉनवर. १९७१ ची इंटेल ४००४, जगातला बाजारात आलेला पहिला मायक्रोप्रोसेसर, तिचे सुमारे २३०० ट्रान्झिस्टर याच पद्धतीने रेखले गेले. त्या कामात फेदेरिको फाजिन यांच्यासारख्या अभियंत्यांइतकीच गरज होती ती टेबलावर वाकून सोलणाऱ्या हातांची. एखादा तुकडा सोलायचा राहिला, किंवा सोललेला चुकून परत चिकटला, तर सगळी चिप वाया.

दोन्ही धंद्यांत पातं हातातून सुटलं तेही एकाच प्रकारच्या यंत्रामुळे. व्हिएन्नात जन्मलेले, नाझी छळातून वाचून १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचलेले जोसेफ गर्बर यांनी संगणकाच्या हुकमाने रेषा आखणारी आणि कापणारी यंत्रं केली. त्यांच्या यंत्रांनी कपड्यांचे थर कापले, सर्किट बोर्डांचे आराखडे प्रकाशाने काढले (ती फाइल आजही जगभर 'गर्बर' नावानेच कारखान्यात जाते), आणि १९८३ मध्ये विनाइलमधून पाटीची अक्षरं कापणारं 'साइनमेकर' आलं. हिंगोलीच्या दुकानातला प्लॉटर हा त्याचाच दूरचा वारस. संगणकावर कोरलड्रॉ, त्यात श्रीलिपीचा देवनागरी फाँट, आणि तावावर टिकटिक धावणारं इवलं पातं. सोलणं मात्र अजून हातानेच चालतं. यंत्र कापतं, माणूस नखाने उचलतो.

प्लॉटर आल्यावर गाड्या बोलू लागल्या. मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद', टेम्पोवर नर्सीच्या नामदेव महाराजांचं नाव, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मुलीचं नाव. नंबरप्लेटवर ४१४१ लिहून 'दादा', ८०५५ लिहून 'बॉस' वाचायला लावणारी अक्षरं. नियमाला ही कला मंजूर नव्हती, पोलीस दंड करत. देशभरात १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली: एका साच्यातले ठसठशीत आकडे, होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक, एकदा बसवली की न उघडणारा खिळा. मग महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांवरही तीच सक्ती आली. चोरीच्या गाड्या ओळखायला ही पाटी उपयोगी आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. पण रेडियमच्या दुकानाची रोजची भाकरी नंबरप्लेटवर होती आणि ती गेली, हेही लिहून ठेवायला हवं. दुकानं आता लग्नाच्या गाडीची नावं, दुकानांच्या काचा आणि पट्ट्या यांवर उभी आहेत.

पट्ट्यांचं काम मोठं आहे. मालवाहू गाडीला पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी अशी पद्धत. ट्रक-टेम्पोला त्याशिवाय तंदुरुस्तीचा दाखला मिळत नाही. टायरगाडी मोटार नाही, तिला असा दाखला लागत नाही, आणि नेमकी तीच सर्वांत हळू चालते. बैलांच्या पावलाने, दिव्याविना. गाडीवर उसासोबत बरेचदा तोडणीवाल्याचं कुटुंब असतं, मोळ्यांवर गोधडीत झोपलेलं मूल असतं. म्हणून गळीत हंगामाच्या सुरुवातीला परिवहन विभाग, पोलीस आणि कारखाने मिळून कारखान्याच्या गेटावर गाड्यांना पट्ट्या लावतात. ही मोहीम जितकी व्हावी तितकी होत नाही, आणि झाली त्या वर्षीही गेटावर न थांबलेली गाडी सुटते.

प्रकाशाला आल्या वाटेने परत धाडायची ही युक्ती मालाच्या हाताळणीतही खोल शिरली आहे. गोदामातल्या पट्ट्यावरून खोकी पुढे सरकतात तेव्हा एका बाजूला डोळा, समोर रिफ्लेक्टरची टिकली असते. किरण जाऊन परत येत राहतो. खोकं मधे आलं की तो तुटतो आणि यंत्राला कळतं, एक नग गेला. चालकाविना धावणाऱ्या कारखान्यातल्या गाड्याही भिंतींवर लावलेल्या अशाच पट्ट्यांवर लेसर फिरवून आपली जागा ओळखत. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात मात्र हळदीची पोती अजून हमालांच्या पाठीवरूनच चढतात-उतरतात. हंगामात तिथे लिलावाचं बीट लागण्यासाठी ट्रॅक्टर-टेम्पो मुक्कामाला रांग लावतात, आणि रात्री एखादा दिवा फिरला की सगळ्या रांगेच्या पाठी लाल होतात. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ परतीच्या प्रकाशावरच चालणारी 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी निर्वात नळ्यांत लेसरचा किरण जाईल, टोकाच्या आरशावरून परत येईल, आणि दोन्ही किरणांच्या परतीतला अतिसूक्ष्म फरक दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीची बातमी देईल.

परतीच्या प्रकाशावर माल मोजायचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकन रेल्वेने केला. डेव्हिड कॉलिन्स यांनी घडवलेल्या 'कारट्रॅक' पद्धतीत प्रत्येक वाघिणीच्या बाजूला रिफ्लेक्टरच्या रंगीत आडव्या पट्ट्या लावल्या. रुळाशेजारचं यंत्र धावत्या गाडीवर प्रकाश टाकी आणि परत आलेल्या रंगांवरून वाघिणीचा क्रमांक वाची. १९६७ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने ती सगळ्या वाघिणींना लागू केली. दुकानातल्या बारकोडच्याही आधीची ही गोष्ट. पण वाघिणी धुतल्या जात नव्हत्या. धूळ, काजळी, चिखल पट्ट्यांवर बसत गेला, वाचनात चुका वाढल्या आणि दहाएक वर्षांत ती सगळी योजना सोडून द्यावी लागली.

काळ्या मातीच्या मुलखात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. उसाच्या फडातून ट्रॉली निघते तेव्हा चाकांनी उडवलेला चिखल आधी मागच्या पट्टीवरच बसतो. जाणते चालक डांबरी रस्त्यावर चढण्याआधी गाडी थांबवतात, उतरतात, पाण्याच्या बाटलीने पंचा ओला करतात आणि ट्रॉलीच्या पाठीवरून एकदा जोराने फिरवतात. मागून दुसरी गाडी येत असते. तिचा हेडलाइट वळणावर वर येतो आणि पंचा धरलेल्या हाताखाली पट्टी लाल होते.